गाडी डावीकडे ओढते

"गाडी डावीकडे ओढते," हे मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा संतोष हसला. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "छाया, गाडीला डावं-उजवं कळत नसतं. चालवणाऱ्याला कळावं लागतं."

संतोष माझा नवरा. अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात आहे. दिवसभर लोखंडाचे सुटे भाग हातात घ्यायचे, मापं लावायची, हा पास, हा नापास असं ठरवायचं, हे त्याचं काम. ते काम तो घरीही सोबत घेऊन येतो. भाकरी पास, आमटी नापास. माझं ड्रायव्हिंग त्याने नापास केलं तेव्हा मी कडाकडा भांडले, पण आतून मलाही वाटत होतं की याची नजर सहसा चुकत नाही. माझी खरी अडचण तिथेच होती.

गोष्ट २००२ सालची. मखमलाबादला आमचं अडीच एकर रान आहे. त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेने गुलाब. फुलं बाजारात नेऊन विकण्यापेक्षा लग्नाचे हार घरीच करून थेट मंगल कार्यालयांना पोचवायचे, हे मी सुरू केलं होतं. पण रिक्षातून गेले की हार चेंबायचे. नवरदेवाच्या गळ्यात चेंबलेला हार घालायचा म्हणजे मुलीकडची मंडळी आधी मला शिव्या देणार, मग भटजींना. त्या दसऱ्याला घरासाठी म्हणून संतोषने चार दारांची एक जुनी पांढरी गाडी घेतली. मी गंगापूर रोडला क्लास लावून लायसन्स काढलं. माझं माहेर हरसूलचं. तिकडे आमच्या वाडीत बाई सायकलवर बसली तरी लोक दारात येऊन बघायचे. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी ते तीन वेळा वाचून काढलं.

"एक लग्नसराई बघू," संतोष म्हणाला. "जमलं तर गाडी तुझ्याकडे. नाही जमलं तर किल्ली माझ्याकडे, आणि मग पुन्हा तो विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. मला वाटलं, यात न जमण्यासारखं काय आहे.

पहिले पंधरा दिवस छान गेले. तुळशीचं लग्न झालं आणि ऑर्डरी सुरू झाल्या. नोव्हेंबर संपता संपता गाडीने ते सुरू केलं. घरून निघताना गाडी सरळ. मखमलाबाद नाक्यापर्यंत सरळ. पुढे पंचवटी कारंजा, निमाणी, द्वारका असं करत गर्दीतून जावं तसं स्टिअरिंग हळूहळू डावीकडे जड व्हायचं. कोणी शेजारी बसून चाक हळूच आपल्याकडे ओढतंय असं वाटायचं. मी उजवीकडे धरून ठेवायचे. मुंबई नाक्यापर्यंत पोचेस्तोवर उजवा खांदा भरून यायचा, आणि गाडीत कसला तरी जळका वास यायचा.

"वास कसला येतो?" मी संतोषला विचारलं.

"क्लच जाळतेस," तो म्हणाला. "पाय ठेवून बसत असशील त्यावर."

मी पाय ठेवत नव्हते. निदान मला तरी तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळा रस्ता डाव्या पायाकडे बघत गेले आणि एका एसटीच्या मागे लागता लागता वाचले.

रविवारी सकाळी संतोषने परीक्षा घेतली. म्हसरूळकडचा मोकळा रस्ता, सात वाजलेले, चिटपाखरू नाही. त्याने गाडी चाळीसवर नेली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. गाडी सरळ गेली. अगदी शेवंतीच्या सरीसारखी सरळ. त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून मला जागा दिली. मग मी बसले. माझ्या हातातही गाडी सरळ गेली.

"बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. पण काय बघितलं ते मला कळेना. त्याच दिवशी संध्याकाळी मी जेल रोडच्या कार्यालयात हार द्यायला गेले आणि येताना गाडी पुन्हा डावीकडे.

मग सल्ल्यांना ऊत आला. नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने अलाइनमेंट करून दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, सिंहस्थासाठी रस्ते खोदलेत सगळे, रस्ताच एका बाजूला उतरलाय." शेजारच्या एकाने पुढचे टायर इकडचे तिकडे करायला सांगितले. तेही केलं. क्लासच्या मास्तरांना फोन केला तर ते म्हणाले, नव्या माणसाचा डावा हात जास्त ओढतो, होईल सवय. माझ्या सासूबाईंचं, नवसाबाईंचं, तर वेगळंच शास्त्र होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या हाराला गाठ मारता मारता म्हणाल्या, "पोरीला, सृष्टीला, तू डाव्या कडंवर घ्यायचीस ना तीन वर्स? मंग. बाईमाणूस ज्या कडंवर पोर घेतं, त्या अंगाला झुकतं."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी रानात गेल्यावर, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, मी बांधावरून डोळे मिटून चालून पाहिलं. वीस पावलांत माझा पाय डावीकडच्या पाटात गेला. चिखल धुता धुता मला रडू यायला लागलं. माणूस सरळ चालतो की वाकडा, हे त्याला स्वतःला कसं कळायचं? मला वाटायचं मी स्टिअरिंग सरळ धरलंय. डावीकडे झुकणाऱ्या बाईलाही तसंच वाटणार ना.

घरात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, माझे सासरे पुंजाराम. मी त्यांना मामा म्हणते. मामांना गाडी चालवता येत नाही, पण ज्याला चाक, पट्टा किंवा नळी आहे अशा कुठल्याही वस्तूवर त्यांचा जीव. दर शनिवारी दुपारी फवारणी आटोपली की ते डालडाच्या एका जुन्या डब्यात जळकं ऑइल आणि डिझेल कालवतात, एक चिंधी घेतात आणि घरातलं सगळं पुसायला बसतात. कुदळीचे दांडे, कात्र्या, दाराच्या बिजागऱ्या, विहिरीवरच्या मोटरचे नट, फवारणीचा पाइप. बारा वर्षं झाली तरी आमच्या फवारणीच्या पाइपाला एक चीर नाही, हे ते पाव्हण्यांना दाखवतात. गाडी आल्यावर गाडीही त्या यादीत आली. मी एकदा म्हटलं, "मामा, गाडीला गॅरेजवाले आहेत ना." तर म्हणाले, "गॅरेजवाला वस्तू मोडल्यावर बघतो. आपुन मोडायच्या आधी बघायचं."

गाडी ओढते असं मी मामांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. चिंधी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कवा ओढती? निघताना का येताना?"

"निघताना नाही. गर्दीतून गेल्यावर."

"मंग गाडीतच हाय काय तरी," ते म्हणाले. "तुझ्यात असतं तर निघतानाबी असतं."

इतका साधा हिशोब दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

जानेवारीत मात्र घोळ झाला. निमाणीजवळ मी गाडी अगदी हळू चालवत होते. समोर रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि गाडी डावीकडे गेली ती थेट पेरूच्या हातगाडीला लागली. कोणाला काही झालं नाही. हातगाडीचा एक पाय वाकला आणि पेरू रस्ताभर पसरले. लोक जमले. एक जण म्हणाला, "लेडीज आहे, जाऊ द्या." मला ते शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

संतोष ओरडला नाही. त्या रविवारी त्याने जॅक लावून पुढची दोन्ही चाकं काढली आणि कारखान्यात बघतो तसं एकेक बघितलं. नट, बोल्ट, टायर, आणि चाकाशी जाणारे ब्रेकचे रबरी पाइप. ते त्याने बोटांनी वाकवून, उजेडात धरून पाहिले.

"ये इकडे," तो म्हणाला. "हे बघ. या पाइपातून ब्रेकचं ऑइल चाकाला जातं. जुन्या गाडीचे हे पाइप तडकतात, झिरपतात. याला एक चीर नाही. काळेभोर, चकचकीत. कोऱ्या गाडीलासुद्धा इतके चांगले नसतात." मग चाक बसवून, हात धुऊन त्याने किल्ली माझ्याकडून घेतली आणि खोलीत त्याच्या शर्टाशेजारच्या खिळ्याला अडकवली. "उद्या पेरूच्या जागी एखादं पोर असेल, छाया."

मलाही रात्री तेच दिसत होतं. मी किल्ली मागितली नाही. हार पुन्हा रिक्षातून जायला लागले, चेंबायला लागले, आणि दिंडोरी रोडच्या कार्यालयाने पुढच्या दोन लग्नांची ऑर्डर दुसऱ्या कोणाला दिली. संतोषने मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका गुरुवारी मुंबई नाक्याजवळच्या कार्यालयात दुपारचं लग्न होतं. हार, मुंडावळ्या, पायघड्यांसाठी पाकळ्या, सगळं टोपल्यांत तयार. संतोष पहिल्या पाळीला गेलेला. ठरलेला रिक्षावाला आलाच नाही. साडेदहा वाजले, अकरा वाजले. मी दारात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात मामा आतून आले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मामा, यांनी सांगितलंय..."

"त्यानं तुला सांगितलंय. मला नाय सांगितलं. टोपल्या ठेव मागं. मी बसतो शेजारी, बघतो तरी काय व्हतंय."

मी गाडी काढली. पेठ नाका, पंचवटी कारंजा, पुढे द्वारकेची खोदाखोदी. गाडी पाच पावलं जायची आणि थांबायची. मामा रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. द्वारकेच्या अलीकडे ते सुरू झालं. मी सवयीने स्टिअरिंग उजवीकडे धरलं.

"हात उजवीकडं, अन गाडी सरळ," मामा म्हणाले. "ओढतीच की गं."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचं नीट दिसेना. हार वेळेवर पोचले. परत निघालो, आणि पंचवटीच्या पुढे तो जळका वास आल्याबरोबर मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ते खाली उतरले. उजव्या चाकाच्या मधोमध त्यांनी चार थेंब सोडले. थेंब नुसते ओघळले. मग डाव्या चाकावर सोडले. चर्र आवाज झाला आणि वाफ निघाली.

"मोटर तापली का नाय ते असंच बघतो आम्ही," ते म्हणाले. "डावा ब्रेक सुटंना झालाय. चल लहानूकडं, चाक गार व्हायच्या आत. गार झालं का हे लबाड पुन्हा सरळ वागंल."

रविवारी सकाळची ती परीक्षा मला तेव्हा कळली. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबायला लागतच नव्हता, तर तो अडकणार कुठून? आणि मी वेड्यासारखी बांधावरून डोळे मिटून चालले होते.

लहानू मिस्त्री पेठकडचा. पेठ नाक्याजवळ त्याची पत्र्याची शेड आहे आणि आमचा फवारणीचा पंप तोच दुरुस्त करतो. त्याने ऐकून घेतलं, डाव्या बाजूला जॅक लावला, मला आत बसवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायला आणि सोडायला लावला. मग चाक हाताने फिरवून बघितलं. फिरेना.

"पाय काढला ना, ताई?"

"काढलाय."

त्याने चाकामागचा, हवा काढायचा एक छोटा निपल पाना लावून जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक त्याच्या हाताखाली गरकन फिरलं.

"पाइप," लहानू म्हणाला. "ऑइल जोरानं आत जातंय, पण मागं यायला वाट नाय. मंग ब्रेक धरूनच बसतो. बदलावं लागंल."

"पण पाइप चांगले आहेत," मी म्हटलं. "यांनी स्वतः बघितलेत. एक चीर नाही."

"वरून चांगलंच हाय की. वरून कुणाला कळनार?" त्याने पाइप सोडवला, तोंडाला बूच मारलं आणि जुना पाइप फळीवर ठेवून ब्लेडने उभा चिरला. मी वाकून पाहिलं. वरचं रबर काळंभोर, चकचकीत, आणि आतलं फुगून एकमेकाला चिकटलेलं. मधे सुई जाईल एवढीच वाट.

मला हसू आलं, मग हुंदका आला, लहानूसमोर लाज वाटली तरी आवरेना. मी वाकडी नव्हते. माझे हात, माझा डावा पाय, माझी कड, सगळं जागच्या जागी होतं. मला वाटलं, हा चिरलेला पाइप घेऊन आत्ताच्या आत्ता अंबडला जावं आणि संतोषच्या टेबलावर आपटावा.

लहानू मात्र बोटं एकमेकांवर चोळत होता. त्याने ती नाकाशी नेली. "याला डिझेल कोन लावतं?"

"मी," मामा म्हणाले. ते एका रिकाम्या डब्यावर बसले होते, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "डिझेल अन ऑइल. दर शनिवारी. उन्हानं रबर तडकू नये म्हणून. आन सूनबाई म्हणली गाडी ओढती, तवापासून आठवड्याला दोनदा."

लहानूने बोटं पँटीला पुसली. मग त्याने खाली बघतच सांगितलं, "काका, ब्रेकच्या रबराला डिझेल-ऑइल चालत नाय. ते रबर तेल पितं अन फुगतं. वरून जाळी असती, तिकडं जागा नाय, मंग आतच फुगत जातं."

"माझा फवारणीचा पाइप बारा वर्सं..."

"ते रबर वेगळं. ह्ये वेगळं."

मामांनी फळीवरचा पाइप उचलला. ते तो बराच वेळ बोटांनी दाबत राहिले, वास घेत राहिले. पाइप त्यांच्याशी खोटं बोलला असावा तसं त्याच्याकडे बघत राहिले. आणि माझ्या आत काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकटा हाच माणूस माझ्या बाजूने होता. आणि माझ्या बाजूने होता म्हणूनच त्याने दोनदा तेल लावलं होतं. गाडी ओढते असं मी म्हटल्यावर तोही हसला असता, तर कदाचित गाडी कमी ओढली असती. आता मी रागवायचं कोणावर? राग तर आला होता, चांगला सणकून आला होता.

लहानूने चारही चाकांचे पाइप बदलायचे ठरवले, कारण मामांची चिंधी कुठेच कमी पडली नव्हती. समोरच्या दुकानातून नवे आणले. तांब्याचे वॉशर नवे टाकले. प्रत्येक पाइपावर एक पांढरी रेघ होती, ती पिळली जाऊ नये म्हणून तो पुन्हा पुन्हा वाकून बघत होता. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून पाइप टायरला घासत नाही ना ते पाहिलं. शेवटी आतली हवा काढायची होती. मी सीटवर, तो चाकाशी.

"दाबा. धरा. आता सोडा."

मी दाबत होते, धरत होते, सोडत होते. तीन महिने, पेरू, "लेडीज आहे", दिंडोरी रोडची ऑर्डर, सगळं त्या पेडलवर काढत होते. लहानू खालून म्हणाला, "ताई, जरा हळू. पेडल मोडंल."

मामा या वेळी मागच्या सीटवर बसले. मी पुढे या म्हटलं नाही, तेही आले नाहीत. गाडी निघाली. मी मुद्दाम गर्दीतून एक फेरी मारली, दहा वेळा ब्रेक दाबला. वास नाही. जडपणा नाही. आणि तरीही गाडी सरळ जाईना. ती उजवीकडे चालली होती.

मी पुन्हा सरळ केली. पुन्हा उजवीकडे. एका स्कूटरवाल्याने हॉर्न मारला. आता काय राहिलं? मी गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली घेऊन स्वतः खाली उतरले. चारही चाकांवर थेंब सोडले. चारही गार. मग मला कळलं, आणि कळलं तेव्हा मी तिथेच फुटपाथवर बसले. दोन महिने गाडी डावीकडे ओढत होती म्हणून माझे हात उजवीकडे धरायला शिकले होते. गाडी दुरुस्त झाली आणि खोट आता खरोखर माझ्या हातात होती. संतोषने आज परीक्षा घेतली तर मी नापास होणार होते, आणि या वेळी तो बरोबर असणार होता.

"काय झालं?" मामांनी काच खाली करून विचारलं.

"गाडी चांगली आहे," मी म्हटलं. "मीच उजवीकडे ओढतेय आता."

त्यांनी मान हलवली. समजलं की नाही कळलं नाही. मी पुन्हा आत बसले आणि गाडी घराकडे घेतली.

संतोष पाळी संपवून आला होता आणि अंगणात उभा होता. खिळ्यावर किल्ली नाही हे त्याने बघितलेलं दिसत होतं. त्याला बघितलं आणि माझ्या हातांनी करायचं तेच केलं. फाटकातून आत वळताना गाडी उजवीकडे गेली आणि पुढचं चाक शेवंतीच्या वाफ्यात उतरलं. उमललेली तीन-चार झाडं आडवी झाली.

संतोष चालत आला. वाफ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. "आता उजवीकडे?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "पुरे कर ना, छाया."

मी तोंड उघडलं. पाइप माझ्या पर्समध्ये होता, चिरलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बोलायचं ठरवलेलं सगळं पाठ होतं. पण ते बोलायचं म्हणजे तेलाचंही बोलावं लागणार, आणि मागच्या दारातून मामा उतरत होते. मामांनी संतोषपुढे कधी चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. एका वर्षी झेंडूचं भलतंच बियाणं आणलं होतं, तेव्हाही त्यांनी सगळं खापर हवेवर फोडलं होतं.

"पाइप बदलले ब्रेकचे," मामा संतोषला म्हणाले. "आतून बसले व्हते."

"पण मी बघितले होते ना. चकचकीत होते."

"ती चकाकी माझ्या तेलाची. मी लावत व्हतो. त्यानंच ते आतून फुगले." ते शेवंतीत उतरून आडव्या झाडांना माती लावायला लागले होते आणि वर बघत नव्हते. "पोरगी सरळच चालवीत व्हती. दोन महिनं तिनं ती गाडी हातानं धरून सरळ नेली. म्हून आता हात तिकडं जातोय. ते तिचं नाय, माझंच हाय."

तीन महिने मला हेच ऐकायचं होतं. फक्त ते संतोषच्या तोंडून ऐकायचं होतं. मामांच्या तोंडून, असं चिखलात उकिडवं बसून, खाली मान घालून ऐकलं आणि मला मुळीच गोड लागलं नाही.

"मामा, मला तुमचा राग आलाय," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. पण खरं होतं.

"येनारच," ते म्हणाले, आणि दुसऱ्या झाडाला माती लावायला लागले.

संतोष तिथेच उभा होता. कधी वडिलांकडे, कधी माझ्याकडे बघत. त्याने पर्समधून डोकावणारी ती वर्तमानपत्राची सुरळी बघितली, पण मागितली नाही. मग तो गाडीच्या दाराशी आला आणि माझ्यापुढे हात केला. तो किल्ली मागत होता, की मला खाली उतरायला हात देत होता, की आणखी काही म्हणायचं होतं त्याला, ते मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही.

मी किल्ली दिली नाही. "मामा, बाजूला व्हा," मी म्हटलं, "मला गाडी मागे घ्यायची आहे." आणि रिव्हर्स टाकून मी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सैल सोडले.